तक्ता माझा, परवाना दोघांचा

औंढ्याला आमचा टायपिंगचा क्लास आहे. जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर मोबाइलवर उघडला की नुसती गिचमीड दिसते. तो युनिकोडमध्ये बदलून देणारा प्रोग्राम माझ्या नवऱ्यानं लिहिला आणि कोणत्या खुणेच्या जागी कोणतं जोडाक्षर घ्यायचं, याचा सगळा तक्ता मी केला. ‘दऱ्या’ लिहिलं की ‘दर्या’ उमटायचा, म्हणजे ऐन डोंगरात समुद्र. ते निस्तरता निस्तरता माझे डोळे जायची वेळ आली.

यांनी ते सगळं नेटवर टाकलं. मग मराठी मजकुरावर काम करणाऱ्या केरळातल्या एका मुलीचा निरोप आला: प्रोग्राम आवडला, पण त्यावर परवाना दिसत नाही, त्यामुळं मला तो वापरता येत नाही.

“फुकट ठेवलंय, तरी हिला परवानगी काहून पाहिजे?” यांनी मला विचारलं. मी वाचून सांगितलं, नुसतं उघड्यावर ठेवल्यानं कुणाला हक्क मिळत नाही, तसं लिहून द्यावं लागतं.

दुपारभर बसून यांनी परवाना निवडला. कुणीही वापरा, बदला, वाटा. फक्त बदललेलं वाटलं तर तेही असंच मोकळं ठेवा. मग प्रत्येक फाइलीच्या डोक्यावर कॉपीराइटची ओळ आली. लग्नपत्रिकेत छापतात तसं यांचं पूर्ण नाव, मागं पदवी. माझ्या तक्त्यावरही.

मी चहा पुढं ठेवला. “तक्ता माझा हाय. मी परवानगी दिली न्हाई. तुमी कसं काय वाटून राहिले?”

“अगं, घरातलंच तर हाय.”

“घर दोघांचं हाय. तक्ता माझा हाय.”

हे पुन्हा वाचायला बसले. कायदा माझ्याच बाजूनं निघाला, तेव्हा यांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

“बरं, तुझं नाव टाकतो. मग तर झालं?”

“टाका. अन् लिहा, ‘दऱ्या’ला कुणी हात लावायचा न्हाई.”

“तशी अट न्हाई घालता येत. मोकळं म्हणजे मोकळं. कुणी बिघडवलं तरी आपण गप बसायचं.”

हे पचायला मला संध्याकाळ लागली. शेवटी मी होकार दिला. तक्त्यावर माझं एकटीचं नाव आलं. यांनी आपली पदवीही गुपचूप काढून टाकली.

मुलीनं आभार मानले आणि विचारलं, तक्त्यात चूक सापडली तर कुणाला कळवू? यांनी मला न विचारता, मोठ्या आनंदानं माझा ईमेल पत्ता दिला. दुसऱ्याच दिवशी तिनं माझ्या चुका धाडल्या. खरंच चुका होत्या.