जळकोटचा रंधा: धड मिस्त्रींचं, मोटर आप्पांची

पन्नाशीनंतर माणसाने काय करावं याबद्दल आपल्या शास्त्रकारांचं मत स्पष्ट आहे: संसार पुढच्यांवर सोपवावा आणि वनाकडे निघावं. मी निम्मं ऐकलं. वनात गेलो नाही, लाकूड घरी आणलं. नांदेडला शाळेत संस्कृत शिकवून उरलेल्या वेळात मी घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये सुतारकाम शिकतो. पुस्तकांसाठी एक कपाट करायचं, एवढीच महत्त्वाकांक्षा. हातरंध्याने पहिली फळी सरळ करायला चार दिवस लागले, आणि ती सरळ झाली तेव्हा तिची पट्टी झाली होती. मग खांदा दुखायला लागला. डॉक्टर म्हणाले, "एक तर हा नाद सोडा, नाही तर मशीन घ्या." बायकोने पहिला पर्याय ऐकला, मी दुसरा.

नवी रंधा मशीन परवडणारी नव्हती. वखारीतल्या एकाने जळकोटच्या खाजा मिस्त्रींचा नंबर दिला. फोनवर मिस्त्री म्हणाले, "नऊ इंची हाय, ओतीव बिडाची, मोटरसकट. या, बघा, घेऊन जा." तीन क्रियापदं एका दमात. इतकं सोपं काही नसतं, ही शंका आली. पण शंका घेण्यात माझं निम्मं आयुष्य गेलंय, म्हणून या वेळी टेम्पो घेतला.

वाचकांपैकी कोणाला जायचं असेल तर रस्ता असा: नांदेड, उस्माननगर, कंधार, जांब, जळकोट. उन्हाळ्यात सकाळी सहाच्या आत निघा. टेम्पोचं जाऊन-येऊन भाडं साडेतीन हजार ठरलं, त्यात चालक गंगाधरची मतं फुकट. पहिलं मत उस्माननगरच्या आधीच आलं.

"सर, जळकोट आज लातूर जिल्ह्यात हाय. उद्याचं काय सांगता येत न्हाई. उदगीर जिल्हा होऊन राहिला."

"कधी?"

"झाल्यावर कळंल की."

कंधारला सुशीला खाल्ली. बाहेरगावच्या वाचकांसाठी: सुशीला म्हणजे भिजवलेल्या चुरमुऱ्यांचा फोडणी दिलेला नाश्ता, कोणी बाई नव्हे. वीस रुपयांत पोट भरतं. पाणी मागितल्यावर हॉटेलवाल्याने आधी आमच्या ताटल्यांकडे पाहिलं, खाल्लंय याची खात्री केली आणि मग ग्लास दिला. गावाचा तलाव राष्ट्रकूटांच्या काळचा, नाव जगत्तुंग समुद्र. त्या दिवशी समुद्राच्या तळाला भेगा पडल्या होत्या आणि मधोमध दोन म्हशी पाण्याच्या आठवणीत उभ्या होत्या. पलीकडे लातूर शहराला तर रेल्वेने पाणी येत होतं.

जांबच्या चहाच्या टपरीवर जिल्ह्याचाच विषय.

"उदगीर जिल्हा झाला बरं का. निस्ता कागद यायचा ऱ्हायलाय."

"अरे येड्या, कागदच तर जिल्हा असतो!"

मी विचारलं, "जांब कुठे जाणार मग? नांदेडमध्येच राहणार की तिकडे?"

म्हातारा चहावाला म्हणाला, "आमाला कोन इचारतंय? ज्या जिल्ह्यातून टँकर येईल त्यो आमचा जिल्हा."

चहा घेऊन निघालो.

जळकोटला पोचलो तेव्हा साडेनऊ झाले होते. लाकडाचे व्यापारी आप्पा म्हणून आहेत, त्यांच्या वखारीमागे एक शेड, शेडमध्ये मशीन, मशीनशेजारी मेंदी लावलेल्या दाढीचे खाजा मिस्त्री आणि तीन हातांवर बाजेवर बसलेले आप्पा: पांढरं धोतर, कपाळावर विभूतीचे पट्टे, हातात वर्तमानपत्र. मशीन देखणी होती. बिडाचं जड टेबल, झिजून आरशासारखं झालेलं. मी हात फिरवला आणि मनात कपाट करून टाकलं.

"मशीन माझी," मिस्त्री म्हणाले. "मोटर आप्पांची."

"फोनवर तर मोटरसकट म्हणालात."

"मोटर लागूनच हाय की तिला."

वर्तमानपत्रामागून आवाज आला, "गुरुजी, धड खुशाल न्या. मोटर मी इकत न्हाई."

हळूहळू जे कळलं ते असं. बावीस वर्षं हे असंच चाललंय. शेड, मीटर आणि मोटर आप्पांची; मशीन आणि हात मिस्त्रींचे. सांख्यांनी सांगितलेला अंधपंगुन्याय मी वर्षानुवर्षं फळ्यावर लिहिला, आंधळ्याच्या खांद्यावर पांगळा बसतो आणि दोघे वाट चालतात. पण त्यातला एक विकत घ्यायला कोणी टेम्पो घेऊन आला तर काय करायचं, हे सांख्य सांगत नाहीत.

मिस्त्रींचा हिशोब साधा होता. दोन पावसाळे कोरडे गेलेले. बांधकामाला पाणी नाही, म्हणून घरं नाहीत. घरं नाहीत, म्हणून दारं-चौकटी नाहीत. हैदराबादला जावई फर्निचरच्या कारखान्यात आहे, त्याने सासऱ्यासाठी जागा धरून ठेवलीय. सोमवारी हजर व्हायचं. मशीन विकली की खोली घेता येईल.

"त्यांना सांगा," आप्पा मला म्हणाले, "जिल्हा होऊन राहिला. कलेक्टर कचेरी, कोर्ट. किती टेबलं लागतील, किती दारं! आन् हे चालले हैदराबादला."

"त्यांना सांगा," मिस्त्री मला म्हणाले, "पाच साल झाले, जिल्हा होऊनच राहिलाय. माझं वय बी होऊन राहिलंय."

भाषांतर माझा धंदा आहे. पण एकमेकांना स्वच्छ ऐकू येणाऱ्या दोन माणसांमध्ये भाषांतर करण्याचा प्रसंग पहिलाच. मी काय घ्यायला आलोय आणि कोणाकडून, हे अकरा वाजेपर्यंत मला नीटसं सांगता आलं नसतं. मशीन चालवून बघावी म्हटलं तर वीज दोन वाजता येणार. तोवर आप्पांच्या घरून जेवण आलं: ज्वारीच्या भाकरी, पिठलं, शेंगदाण्याचा ठेचा. चार जणांना एक तांब्या पाणी. मिस्त्रींनी आपला घोट कमी घेतला, आप्पांनी त्याहून कमी.

दोनला वीज आली. मी घरून चार हात लांबीची सागवानी फळी नेली होती. मिस्त्रींनी पट्टा चढवला, बटण दाबलं, फळी टेबलावर ठेवली. आणि आप्पा बाजेवरून उठले, धोतराचा सोगा खोचला आणि टेबलाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन उभे राहिले. मिस्त्री ढकलत होते, आप्पा ओढून घेत होते. फळी पार झाली की आप्पा तिची बाजू बदलून परत देत. दोघांपैकी एकही दुसऱ्याकडे बघत नव्हता. चार फेऱ्यांत फळी अशी झाली की माझे चार दिवस मला आठवले आणि मी ते विसरायचं ठरवलं.

"दुसऱ्या बाजूला माणूस लागतोच का?" मी विचारलं.

"लांब फळीला लागतोच," मिस्त्री म्हणाले. "एकट्यानं केलं की शेवट झुकतो आन् खड्डा पडतो. तुमच्याकडं कोन हाय?"

माझ्याकडे पहिला पर्याय ऐकणारी बायको होती. पण खरी गोष्ट वेगळी. ही जोडी मोडायला आपण आलो आहोत, हे एकदम उमगलं आणि मला औदार्याचा झटका आला. "मिस्त्री, मी मशीन घेत नाही. तुम्ही दोघं चालवा."

मला वाटलं, दोघांना बरं वाटेल. मिस्त्री मशीन बंद करून ओंडक्यावर बसले.

"असं नका करू, गुरुजी. तुमच्या आदी तिघं जण येऊन गेले. मोटर न्हाई म्हनल्यावर निम्म्या किमतीत मागतेत. सोमवारी मी काय घेऊन जाऊ?"

गंगाधर बिडी विझवत पुटपुटला, "सर, तुमाला कळंना का, इथं बिचाऱ्याचं पोट अडलंय आन् तुम्ही दया करून राहिलेत."

आप्पा भिंतीकडे गेले, खिळ्यावरचा पाना काढला आणि खाली बसून स्वतः मोटरचे बोल्ट सोडवायला लागले. तिसरा बोल्ट गंजलेला होता. आप्पांच्याने निघेना. मिस्त्री उठले, आप्पांच्या हातातून पाना घेतला आणि बोल्ट सोडवला.

"घिऊन जा," आप्पा मला म्हणाले. मग दिवसात पहिल्यांदा थेट मिस्त्रींकडे वळून, "खाजा, पट्टा बी दे त्यांना. नवाच हाय."

"आप्पा, मोटरचे पैसे..." मी म्हणालो.

"जिल्हा झाला की बघू."

मशीनचे ठरलेले पैसे मी मिस्त्रींना मोजून दिले. जाणाऱ्यांसाठी सूचना: मशीन अडीच क्विंटल भरते, सहा माणसं लागतात, दोरखंड घरून न्या. आम्हाला माणसं टँकरच्या रांगेत मिळाली. त्यांनी आपापल्या घागरी रांगेत जागेवर ठेवल्या, मशीन टेम्पोत चढवली आणि ते परत घागरींमागे जाऊन उभे राहिले. एकाचाही नंबर हुकला नाही. त्यांना चहाचे पैसे देऊ केले तर म्हणाले, "पानी असंल तर द्या." आमच्या टेम्पोतला वीस लिटरचा जार तिथेच राहिला.

परतीच्या वाटेवर गंगाधरने एकही मत दिलं नाही.

मशीन आता शेडमध्ये आहे. बायकोने तिला प्रदक्षिणा घालून विचारलं, "ही चालते कशी?" तेव्हा कळलं की मोटर थ्री फेजची आहे आणि घरात सिंगल. सगळं विचारलं होतं, एवढंच राहिलं. अर्ज केला आहे. म्हणजे माझ्याकडे आज धड आहे, मोटर आहे, पट्टा आहे, आणि फळी अजून हातानेच घासतो आहे.

आठवड्याने आप्पांचा फोन आला. "मोटर गरम होती का?"

"अजिबात नाही," मी म्हणालो. हे अक्षरशः सत्य होतं.

चार दिवसांनी हैदराबादहून मिस्त्रींचा. "पाती मी परजून दिलती. चांगली हायत न्हवं?"

"उत्तम आहेत."

"आप्पांचा फोन आलता का?"

"आला होता. मोटरचं विचारत होते."

"निस्तं मोटरचं?"

मी म्हणालो, "तुमचंही विचारलं."

तीस वर्षं मुलांना सत्याची महती शिकवलेल्या माणसाने हे केलं. रात्रभर चैन पडलं नाही. सकाळी मी आप्पांना फोन लावला आणि म्हटलं, "आप्पा, मिस्त्रींना काहीतरी विचारा ना."

"मी कशाला? ते गेले की."

"मग मी विचारतो. तुमच्या वतीने. काय विचारू?"

पलीकडे वर्तमानपत्राची घडी घातल्याचा आवाज आला.

"तिथं त्याच्या फळीच्या दुसऱ्या टोकाला कोन हुबं ऱ्हातं, ते इचारा."