चार वाजताचं हिरवं टिंब

रोज दुपारी चार वाजता आमच्या मंचावर एक मेलेला माणूस यायचा.

मंच म्हणजे इंटरनेटवरची चावडी म्हणा. गच्चीवर, बाल्कनीत, फुटक्या टाक्यांत गावरान भाज्या लावणाऱ्या दोन-तीनशे लोकांची. कुणी पुण्याचं, कुणी नांदेडचं, बरेचसे आमच्या संभाजीनगरचे. पानांवर मावा पडलाय, शेंग धरत नाही, नळाला आठ दिवस पाणी नाही, असली दुखणी तिथं मांडायची आणि एकमेकांना पाकिटातून बी पाठवायचं, एवढाच उद्योग. पानाच्या उजवीकडे 'आत्ता हजर' अशी यादी असते आणि प्रत्येक नावापुढे एक हिरवं टिंब. चारच्या चहाला मी संगणक उघडला की पाच-दहा मिनिटांत त्या यादीत 'मिस्त्री' हे नाव उगवायचं. मिस्त्रींना जाऊन तेव्हा दोन महिने झाले होते.

ते खरे मिस्त्री नव्हेत. टेलिफोन खात्यात लाइनमन होते, जन्मभर खांबावर चढले. मंच आम्ही दोघांनी मिळून काढला, पण उभा केला तो त्यांनी, म्हणून मी त्यांना मिस्त्री म्हणू लागलो आणि पुढे सगळेच म्हणू लागले. मी चित्रकलेचा मास्तर, तोंडानं फटकळ. मंचासाठी नावाच्या पाटीचं चित्र काढलं आणि लोकांना शिस्त लावली, बाकी माझा हातभार शून्य. मिस्त्रींनी फुकटात मिळणारं सॉफ्टवेअर आणलं, ते इंग्रजी मदतीची पानं शब्दकोश घेऊन वाचत वाचत शिकले, आणि भाड्याच्या सर्व्हरवर बसवलं. फुकटचं म्हणजे कुणीही घ्यावं, हवं तसं वापरावं. पण डागडुजी, बॅकअप, रात्रीतून घुसणाऱ्या भलत्यासलत्या जाहिराती उपटणं, हे सगळं आपल्याच गळ्यात. बारा वर्षं ते मिस्त्रींच्या गळ्यात होतं.

मी पैसे भरून मिळणाऱ्या सोयीच्या बाजूचा. वर्गणी भरायची, सगळं कंपनी बघते, आपण निवांत वालाच्या गप्पा माराव्यात. मिस्त्रींचं म्हणणं वेगळं. "सर, भाड्याच्या घरात कुंडी ठेवता येती, आंबा लावता येत नाय. उद्या मालक म्हणला निघा, तर झाड काय उपटून न्यायचं?" यावर मी विषय बदलायचो.

मग एकदा ऐन पेरणीच्या दिवसांत मंच बंद पडला. दोन दिवस बंद. पाचोडच्या बाजारात एका म्हातारीकडून मिळालेला जांभळ्या शेंगांचा वाल मी सगळ्यांना वाटला होता, तो कधी आणि कसा लावायचा ते मंचावरच लिहिलेलं, आणि लोक मला फोन करून करून विचारत होते. तिसऱ्या दिवशी मंच सुरू झाला आणि मी तोंड सोडलं. चर्चेच्या उघड धाग्यावर, सगळ्यांसमोर लिहिलं: "फुकट ते पौष्टिक, असं धोरण असल्यावर दुसरं काय होणार? मिस्त्रींना मंच चालवायचा नाही, किल्ली कमरेला लावून मिरवायचं आहे."

खाली मिस्त्रींनी फक्त जोडलेले हात टाकले. अक्षर नाही.

मी फोन केला नाही. म्हटलं, बसू दे चार दिवस फुगून. विसाव्या दिवशी सकाळी त्यांच्या पुतण्याचा फोन आला. झोपेतच गेले होते, हृदय थांबलं. अंत्ययात्रेला गेलो, बुद्धवंदना चालली होती तेव्हा पांढऱ्या कपड्यांच्या शेवटच्या रांगेत उभा राहिलो आणि कुणाला तोंड न दाखवता घरी आलो. वहिनींना भेटलो नाही. काय तोंडानं भेटणार होतो?

त्या आठवड्यात मी एक मूर्खपणा केला. मंचावर एकमेकांना खासगी निरोप धाडता येतो. मिस्त्रींच्या नावावर एकच शब्द धाडला: "चुकलो." निरोपाखाली 'न वाचलेला' असं बारीक अक्षरात दिसत राहिलं, आणि ते तसंच दिसणार हे मला ठाऊक होतं. आपलं मन हलकं करायचं, एवढंच. पुढे दोन महिने मी त्याकडे पाहिलंही नाही. मग एके दिवशी त्या यादीत त्यांचं नाव उगवलं, हिरवं टिंब लागलं, आणि मी घाबरत घाबरत निरोपांचं पान उघडलं. 'वाचला'.

बायकोला हाक मारली नाही, कारण ती म्हणाली असती, कुणीतरी पासवर्ड चोरला असेल, बदलून टाका. मलाही तेच सुचलं होतं. पण बदलायला हात धजेना. चोर असता तर त्यानं काही लिहिलं असतं, जाहिराती चिकटवल्या असत्या. हे टिंब यायचं आणि मी उठेपर्यंत नुसतं थांबायचं. माझ्याशी काही बोलायचं नाही. जिवंतपणी अबोला धरणारा माणूस मेल्यावरही अबोला धरून समोर बसला आहे, असं मला वाटायचं. भूतबित मी मानत नाही. तरी चारच्या सुमाराला चहा कपातच निवायचा, आणि एखाद्या दिवशी टिंब उशिरा लागलं तर त्याहून जास्त भीती वाटायची.

आणि मग मी फुकटच्या सॉफ्टवेअरचा कट्टर पुरस्कर्ता झालो. मंच वारंवार आजारी पडायचा, कुणीतरी सभासद जमेल तसा उठवायचा, लोक म्हणायचे, सर, आता पैसे भरून घेऊ या, तुम्हीच तर सांगत होतात. मी त्यांना फाडून खायचो. मिस्त्रींचा आंबा मी त्यांच्याहून जोरात सांगायचो. लोकांना वाटलं, म्हाताऱ्याचं मतपरिवर्तन झालं. खरं कारण मी कुणाला सांगितलं नाही. पैशाच्या सोयीत प्रत्येकाला मोबाइलवर आलेला ओटीपी टाकून नव्यानं आत यावं लागतं. मिस्त्रींचा नंबर बंद झालेला. त्यांचं लिखाण नव्या जागी आलं असतं, पण ते येऊ शकले नसते.

दोन वर्षं मी असा अडून बसलो. शेवटी सर्व्हरवाल्यांनीच कळवलं की इतकं जुनं सॉफ्टवेअर पुढच्या महिन्यापासून चालणार नाही. पुण्याची एक सभासद, संगणकातली हुशार मुलगी, तिनं मला फोनवर समजावलं. "सर, दोनच वाटा आहेत. फुकटचंच नवं बसवायचं, तर ते रोज सांभाळणारं माणूस हवं. मी एकदा बसवून देईन, पण रोजचं मला जमणार नाही. तुम्ही सांभाळाल का? नाहीतर पैसे भरा." मी म्हटलं, दोन दिवस द्या. माझ्याच्यानं साधा फोटो सरळ लागत नाही, मी काय सांभाळणार! पण त्या टिंबासाठी तेही शिकायची माझी तयारी झाली होती. मात्र त्याआधी ते टिंब कुणाचं, हे बघायला हवं होतं.

चारला पाच कमी असताना मी मिस्त्रींच्या दारात उभा होतो. घर माझ्यापासून स्कूटरवर दहा मिनिटं. दोन वर्षांत ती दहा मिनिटं मला सापडली नव्हती.

वहिनींनी दार उघडलं. केस पांढरे झालेले, हात मातीनं भरलेले. मला बघून त्यांना नवल वाटलं नाही.

"या सर. आज पाण्याचा दिवस, वर कुंड्यांना पाणी घालत होते. बसा."

खोलीत तोच संगणक, त्यावर विणलेला रुमाल. हात धुऊन त्यांनी रुमाल काढला आणि सवयीनं बटण दाबलं. त्या यंत्रावर मंच पासवर्ड विचारतच नव्हता, मिस्त्रींनी तशी सोय केलेली. यादीत नाव आलं. ज्या नावानं दोन वर्षं माझी झोप उडवली होती, ते एका बाईच्या ओल्या बोटानं लागत होतं. मला हसू आलं नाही. मला एकदम रडू आलं.

"तुम्ही होता व्हय वहिनी?"

"मग कोण असणार?" त्या म्हणाल्या. "त्यांनी लिहून ठेवलंय ना सगळं, कवा काय लावायचं, किती पाणी घालायचं. ते वाचून कुंड्या जगवते मी. सकाळी बी वाचता येतं. पण तुमचं नाव चारला दिसतं. ते दिसलं की मी बसते, गेलं की बंद करते."

"माझं नाव?"

"तुमचा निरोप वाचला होता मी. लाल आकडा दिसला, दाबला. म्हणलं, आता सर येतील. इथं, दारात. दोन वर्षं बघते, रोज चारला बसतात आन् उठून जातात. मला वाटायचं, तिकडून बघतात, मग बोलत का नाय?"

"मग तुम्ही उत्तर का नाही दिलं?"

"त्यांच्या नावानं मी कसं लिहू, सर?"

म्हणजे मी जिला भूत समजून बघत होतो, ती मला तसंच बघत होती. मी तिथंच, त्यांच्यासमोर, तोंडानं म्हटलं की वहिनी, चुकलो. त्यांनी मान हलवली. मग शांतपणे म्हणाल्या, "त्या दिवशी जेवताना मला म्हणले, सर बोलतात ते खरंय. लई थकलो, आता माझ्यानं होत नाय, पैशाचं घेऊन टाकू. फकस्त चारचौघांत बोलायला नको होतं."

मी बरोबर होतो. ते ऐकण्यापेक्षा चूक असल्याचं ऐकणं बरं होतं. दमलेला माणूस स्वतःहून किल्ली खाली ठेवायला निघाला होता, आणि मी ती सगळ्यांसमोर त्याच्या हातावर फटका मारून पाडली.

मी त्यांना सगळं सांगितलं, दोन्ही वाटा, आणि पैशाच्या सोयीत मिस्त्रींचं नाव पुन्हा उगवणार नाही हेही. वहिनींनी विचारलं, "त्यांचं लिहिलेलं राहील का?" राहील, म्हटलं. "मग घ्या पैशाचं. त्यांना तरी किती दिवस असं बसवून ठेवायचं? माझ्या मोबाइलवर माझं खातं होतंय का बघा."

पुण्याच्या मुलीनं आठवडाभरात सगळं हलवलं. मधे तिचा फोन आला. "सर, तो भांडणाचा धागा वगळू का? वाईट दिसतो." मी म्हटलं, नको, येऊ दे.

जुना मंच मिटण्याच्या शेवटच्या दुपारी मी चहा घेऊन बसलो. वहिनींनी सांगितलं होतं की त्या आता तो उघडणार नाहीत. चार वाजले, साडेचार झाले. यादीत माझं एकट्याचं टिंब. मिस्त्री गेले हे मला दोन वर्षं माहीत होतं, पण ते घडलं त्या दुपारी.

दुसऱ्या दिवशी नव्या मंचावर तो धागा शोधून काढला. माझी ती दोन वाक्यं जशीच्या तशी होती. खाली करड्या रंगात मिस्त्रींचं नाव, जोडलेले हात. त्याखाली मी लिहिलं, उघड, सगळ्यांना दिसेल असं: "त्या दिवशी मी चुकलो. मिस्त्री किल्ली मिरवत नव्हते, आपल्या सगळ्यांचं ओझं वाहत होते. हे मी ते असताना सांगायला हवं होतं."

मग यादीत एक नवं नाव आलं, वहिनींचं, आणि माझ्या ओळींखाली जोडलेले हात उमटले.