खालाचा डबल सवाब

डोकं साफ व्हावं म्हणून दीन, म्हणजे आपला धर्म, शिकायले बसलो, अन् किस्सेच एवढे जमले की कोणता आधी सांगू तेच समजत नाई. आम्ही नेरच्या बाया दर इतवारी दुपारी माह्या घरी जमतो. शिकवायले आपा येते. विशीतली पोरगी, नुकतीच मदरशातून शिकून आली. आमच्यातल्या अर्ध्या मराठी शाळेतल्या, म्हणून ती मराठीतच समजावते.

*

पहिल्याच दिवशी गोंधळ. आपा आली तशा आम्ही सगळ्या उठून उभ्या राह्यलो. उस्ताद हाय ना! पण आमच्यात जुलेखा खाला सत्तरीची. ती उभी असताना आपा बसेना, अन् आपा बसल्याशिवाय खाला बसेना. चहा थंड झाला. शेवटी खालाचे गुडघे दुखले, तवा कुठं क्लास सुरू झाला.

*

आपानं सांगितलं, इल्म म्हणजे दीनाचं ज्ञान घेणं फर्ज हाय, पुरुषाले अन् बाईलेही. रुखसानानं घरी जाऊन नवऱ्याले जाहीर केलं, "क्लास फर्ज हाय, भाजी नाई."

तो तणतणत माह्या दारात आला. विचारे, मंग सैपाक कोण करन? आपानं आतूनच शांतपणे सांगितलं की भाऊ, फर्ज तुमच्यावरही हाय. बिचारा खरंच मशिदीतल्या क्लासले जाऊन बसला. आता इतवारी त्यायचे पोरं माह्या घरी जेवतात. हे माह्यावर कोणतं फर्ज हाय, मले अजून नाई समजलं.

*

आपा म्हणे, समजलं नाई त विचारा, लाजू नका. मंग काय, मी सुरूच झाली. एसटीत नमाजाची वेळ झाली अन् बस वळणावर वळण घेत राह्यली, त काब्याकडे तोंड कसं करायचं?

आपानं विचार केला. म्हणे, "मले पक्कं माहीत नाई. विचारून सांगते."

धर्म शिकवणारं माणूस असं बोलताना आम्ही जन्मात ऐकलं नव्हतं. अर्ध्या बाया म्हणे, हिले काहीच येत नाई. अर्ध्या म्हणे, हिलेच खरं येते. मी दोन्हीकडे मान हालवली.

*

आता खालाचं. खाला मुकुटबनची. लहानपण कापूस वेचण्यात गेलं, शिकणं राहून गेलं. मागच्या साली नवरा गेला, अन् मागोमाग तरणा पोरगा सलीम. त्यायच्यासाठी कुराण वाचलं ते दुसऱ्यायनं. सवाब, म्हणजे त्याचं पुण्य, त्यायच्या नावानं बक्षलं, देऊन टाकलं, तेही दुसऱ्यायनं. खालाच्या मनाले ते लागलं. आपल्या माणसायसाठी आपल्याच तोंडानं वाचाचं, एवढ्यासाठी ती शिकायले बसली.

पण अक्षराअक्षराले अडखळे, रडकुंडीले ये. तवा आपानं समजावलं की अडखळत, मेहनतीनं वाचणाऱ्याले डबल सवाब भेटते. खालानं डोळे पुसले अन् मंग एकही इतवार चुकवला नाई.

हळूहळू चांगलं वाचायले लागली. अन् मंग एकदम बिघडली. सोप्या अक्षरालेही अडके. मले वाटलं मोतीबिंदू. यवतमाळले डोळ्याच्या डॉक्टरकडे नेली. तो म्हणे, आजी सुईत दोरा ओवन.

परवाच्या इतवारी खाला लवकर आली. मी चहा ठेवत होती, अन् बाहेरच्या खोलीत कोणी सरळ, न थांबता कुराण वाचून राह्यलं. पाहतो त खाला! एकटीच. दारात आपा, चपला हातात घेऊन उभी.

आपाले लय आनंद झाला. म्हणे खाला, सफाईनं वाचणाऱ्याचा दर्जा मोठा असते, तो फरिश्त्यायच्या सोबतीले असते.

खालाचं तोंड उतरलं.

"फरिश्त्यायचं राहू दे, बेटा. डबल भेटत होतं, त एक बुढ्याले देत होती, एक सलीमले. आता एकच भेटन. कोणाले देऊ?"