सत्यवानाचा कान

आचऱ्याच्या बंदरावर कोणाला जुना ट्रॉलर घ्यायचा झाला की आधी सत्यवानाला बोलावणं. इंजिन चालू करायचं, त्याने गिअरबॉक्सवर लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक टेकवायचं, मूठ कानाला लावायची आणि डोळे मिटायचे. मालक, गिऱ्हाईक, सगळे गप्प. "वाजता बरो," एवढं तो म्हणाला की सौदा पक्का, होडीच्या पुढच्या नाळीवर नारळ फुटला.

गिअरबॉक्स उघडायचं काम मात्र हरिश्चंद्राचं. दोघे एकाच मिस्त्रीच्या शिव्या खात धंदा शिकले. तीस वर्षं नट सोडले हरीने, तेल बदललं हरीने, कान लावला सत्यवानाने. नाव झालं ते कानाचं.

गणपती आटोपले नि सत्यवानाची बहीण शेवंती ट्रॉलर घ्यायला निघाली. तिचा घोव जन्मभर दुसऱ्याच्या होडीवर खलाशी. आता त्याला आपल्या होडीने खोल पाण्यात जायचं होतं. शेवंती पिशवीत नारळ घेऊनच आली. बरोबर मुलगी संचिता. ती कुडाळच्या एका कारखान्यात यंत्रांची थरथर मोजायच्या कामावर.

सत्यवानाने कान लावला. आत नुसती मऊ घरघर. "वाजता बरो."

शेवंतीने नारळ बाहेर काढला, तशी संचिताने आगपेटीएवढी डबी काढली. खाली लोहचुंबक.

"मामा, एकदा हेना बघूया?"

"गो बाय, तुझो जन्म होवच्या आधीपासून हे कान चलतत."

"मग डबीक कित्याक भियातस?"

हरिश्चंद्र बाजूलाच होता. आठ दिवसांपूर्वी मालकाने हा गिअरबॉक्स त्याच्याकडूनच उघडून घेतला होता. तो हसला. "लाव गो लाव. आमचो पण एक फोटो काढ."

डबी चिकटली. संचिताच्या मोबाइलवर रेघ थरथरू लागली, आणि ठरावीक अंतराने त्या रेघेतून एक टोक वर उसळू लागलं. पुन्हा. पुन्हा.

"मामा, गिअरचो एक दात फुटलोलो आसा. दर फेऱ्याक एकदा धको बसता, बघ."

"आवाज खंय मग?"

"आवाज नाय. धको आसा."

सत्यवानाने हरीकडे बघितलं. हरी धक्क्यावरचा दोर गुंडाळायला लागला होता. तो दोर त्याचा नव्हता.

इंजिन बंद करवून सत्यवान खाली उतरला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा तेलाचा नट त्याने स्वतः सोडला. तेल काकवीसारखं ओघळलं, नि त्यात लाकडाचा भुसा. बारीक, चाळून घातलेला, फुटक्या दाताचा आवाज गिळायला.

साध्या गिऱ्हाइकाला फसवायला नुसतं जाड तेल पुरलं असतं. भुसा चाळायची मेहनत एका कानासाठीच होती, आणि त्या कानाला काय ऐकू येतं नि काय नाही, हे जगात एकाच माणसाला ठाऊक होतं.

"हरी, माझी भयण घेता होती ही. तिचो घोव भायर जातलो होतो."

"मालकान सांगल्यान, केलंय." हरीने दोर खाली टाकला. "तीस वर्सां बॉक्स मी खोललंय नि नारळ तुझ्या कानाक फुटलो. एकान तरी विचारल्यान, हरी, तुका काय वाटता?"

"राग माझ्यार होतो तर माझ्या टाळक्यात पानो घालूचो होतो. समुद्रात माणूस कित्याक पाठवतस?"

हरी खाली वाकला. पाने गोळा करून निघून गेला. त्यातले दोन सत्यवानाचे होते. ते त्याने कधी मागितले नाहीत.

नारळ पिशवीतून परत गेला. शेवंतीने तो दुपारी बांगड्याच्या कढीला वाटला.

सत्यवान अजून कान लावतो. गिऱ्हाईक येतं, मालक धावत इंजिन सुरू करायला जातो, तसा हा हात वर करतो.

"आधी तेल काढूया," म्हणतो, आणि पाना कोणाच्या हातात देत नाही.