शून्य मीटरवरची शिंपीण

निवृत्त होईपर्यंत काकांनी एका गोदामात मालाच्या नोंदी ठेवल्या आणि निवृत्त झाल्यावर गल्लीतल्या मुलांना भौतिकशास्त्र शिकवायला घेतलं. दोन्हीकडे पद्धत एकच: खोकं न उघडता वर चिठ्ठी डकवायची. फेकलेल्या वस्तूंच्या गणितांसाठी त्यांच्याकडे पल्ल्याच्या सूत्राची एकुलती एक चिठ्ठी होती. वेगाचा वर्ग, गुणिले कोनाच्या दुपटीची साइन, भागिले गुरुत्वाकर्षणाचा 'जी'. गणित वाचायच्या आधीच ते हे सूत्र कागदाच्या माथ्यावर लिहून मोकळे होत. आधी कळस मग पाया. तोही आठवला तर. गल्ली त्यांना सूत्रकाका म्हणू लागली, आणि काकांना ती पदवी वाटली.

त्यांची सगळ्यात जुनी विद्यार्थिनी म्हणजे सख्खी पुतणी. भूमापनाच्या अभ्यासक्रमाला जायचं तर भौतिकशास्त्रात पास होणं भाग होतं, आणि काकांच्या मार्गदर्शनाखाली ती दोनदा अगदी शिस्तीत नापास झाली होती. दोन्ही वेळा काकांनी निदान केलं की पेपर तपासणारा कच्चा आहे. आता तिसरी संधी, तीही शेवटची. या खेपेला घसरली तर मुकाट्याने घरच्या दुकानात बसायचं, असं तिच्या वडिलांनी बजावलं होतं.

परीक्षेच्या आदल्या आठवड्यात तिनं एक गणित पुढे ठेवलं. वीस मीटर उंच गच्चीवरून चेंडू सेकंदाला पंधरा मीटर वेगाने सरळ आडवा फेकला, तर तो इमारतीपासून किती दूर पडेल?

"शून्य," काका म्हणाले. "कोन शून्य, त्याची साइन शून्य, म्हणून पल्ला शून्य. पुढचं घे."

"एवढ्या जोरात फेकलेला चेंडू भिंतीच्या पायाशी पडेल?"

"सूत्र म्हणतंय ना. तू सूत्रापेक्षा शहाणी का?"

पुतणी उठली. टेबलावरचं काकांच्या चष्म्याचं रिकामं घर उचललं, खाली रस्त्यावर कोणी नाही हे पाहिलं आणि गॅलरीतून ते आडवं भिरकावलं. काका कठड्यावरून वाकून थेट भिंतीच्या पायाशी शोधू लागले. श्रद्धा असावी तर अशी. तिथे एक मांजर झोपलेलं होतं, घर मात्र नव्हतं. एवढ्यात रस्त्यापलीकडची शिंपीण जिना चढून आली.

"काका, हे तुमचंच ना? माझ्या मशीनवर येऊन पडलं."

"या शून्य मीटरवर राहतात," पुतणी म्हणाली.

मग तिनं कागदावर दोन रकाने पाडले. काकांचं सूत्र जमिनीवरून उडून त्याच पातळीवर उतरणाऱ्या चेंडूचं. हा तर गच्चीवरून निघालेला. म्हणून खाली पडणं वेगळं, पुढे जाणं वेगळं. खाली जाताना सुरुवातीचा वेग शून्य, अंतर वीस, 'जी' दहा धरला की वेळ निघते दोन सेकंद. तेवढ्या वेळात चेंडू पंधराच्या वेगाने पुढे जातो तीस मीटर. गतीची ही समीकरणं पुस्तकाच्या पहिल्याच धड्यात होती. तो धडा काकांनी 'पोरांसाठी आहे' म्हणून कायम ओलांडला होता.

"हेच सांगणार होतो," काका म्हणाले. पडलो तरी नाक वर. पण शिंपीण गेल्यावर बराच वेळ ते चष्म्याच्या घराची उघडझाप करत बसले.

"मागच्या पेपरांत काय होतं गं?"

"एकात गच्ची होती, काका. दुसऱ्यात पूल."

त्यानंतर काकांनी पेपर तपासणाऱ्याचा विषय काढला नाही.

पुतणी पास झाली. काकांनी जिन्यात भेटेल त्याला सांगितलं की पोरगी शेवटी त्यांच्या हाताखाली तयार झालेली. पुतणी शेजारी उभी राहून मान डोलवत होती. भूमापनाला जायचंच होतं, तर जाता जाता एवढं द्यायला तिची हरकत नव्हती.

दुसऱ्या दिवशी शिकवणीला एक नवी मुलगी आली. काकांनी सवयीने पेन कागदाच्या माथ्यावर टेकवलं. तिथेच थांबले. मग कागद तिच्याकडे सरकवत म्हणाले,

"आधी वाच. चेंडू कुठून फेकलाय?"