मिफ्लेहचा डावा डोळा

मआनजवळच्या आमच्या दगडखाणीत मिफ्लेह अबू सक्रनं जन्मभर डंपर चालवला. चढणीच्या वळणावर त्याचं चाक कधी कडेला घसरलं नाही. बोलणं मात्र तिरकं. चालकाविना चालणारा पहिला डंपर खाणीत आला तेव्हा म्हणाला, "वरात आली, नवरा कुठाय?"

तरी मेंढा कापायचा आग्रह त्याचाच. नव्या गाडीवर रक्ताचा पंजा उमटवल्याशिवाय आमच्याकडे कुणी किल्ली फिरवत नाही. मिफ्लेहनं भरल्या हाताचा पंजा मारला तो नेमका उजवीकडच्या काळ्या काचेवर. त्या काचेतून डंपर बघतो, हे आम्हाला कुठं ठाऊक?

बघायला जमलेल्या पाहुण्यांसमोर डंपर जरासा सरकला आणि थांबला. पडद्यावर अक्षरं उमटली: 'उजवीकडचं नीट दिसत नाही. पुढे जाणार नाही.'

मिफ्लेहच्या तोंडचं पाणी पळालं. अम्मानहून आलेले इंजिनियर गालिबसाहेब मात्र खूश झाले. "बघितलंत? याला स्वतःचं उणं कळतं आणि तो ते लपवत नाही. म्हणून तर याच्यावर भरवसा ठेवायचा." कुणीतरी फडक्यानं काच पुसली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

मिफ्लेहच्या मनात ते वाक्य घर करून बसलं. त्याच मेंढ्याच्या मन्सफच्या परातीशी बसल्यावर तो मला म्हणाला, "माझाही डावा डोळा वर्षभरापासून धूसर झालाय रे. वळणावर अंदाजानं जातो. सांगून टाकू साहेबांना?"

"गुमान जेव, अबू सक्र."

"लोखंडाला लाज वाटत नाही, मग मी का लाजू?"

हात धुऊन तो गेला आणि सांगून आला. साहेबांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला, बरं केलंत म्हणाले. दुसऱ्या दिवशी फाटकावरच मुकादमानं त्याची किल्ली काढून घेतली.

साधा मोतीबिंदू होता. तो काढून, लख्ख नजर घेऊन मिफ्लेह परत आला तेव्हा मुकादम म्हणाला, "वर्षभर तू आंधळा गाडी हाकत होतास. तुझ्यावर भरवसा कसा ठेवायचा, तूच सांग." आता तो भावाच्या मेंढ्या राखतो आणि आमच्यातल्या कुणाशी बोलत नाही. मला मुकादमाचा राग येत नाही, त्या टाळ्यांचा येतो.

परवा गालिबसाहेब पुन्हा आले. आम्हा चालकांना त्यांनी आपुलकीनं विचारलं, "कुणाला काही त्रास? मोकळेपणानं सांगा."

आमच्यातल्या अव्वादला एका कानानं ऐकू येत नाही. माझा उजवा पाय बधिर होतो, ब्रेक किती दाबला गेला ते कळत नाही.

"अल्हम्दुलिल्लाह, सगळं ठीक," आम्ही एका सुरात म्हणालो आणि भरलेले डंपर घेऊन उतरणीला लागलो.