चंद्राच्या माथी न मारलेला दोष

आदरणीय अंबादास गोरे सर यंदा वयाची पंच्याहत्तर वर्षं पूर्ण करीत आहेत. त्यांची माझी पहिली ओळख माकणीच्या शाळेत, आठवीच्या भूगोलाच्या तासाला झाली. आमचा सारा भाग त्र्याण्णवच्या भूकंपानं उद्ध्वस्त झालेला, आणि ती रात्र पुनवेच्या तोंडावरची होती हे घराघरांत पाठ. मी उभी राहून विचारलं, "सर, पुनवेला धरणी हालती का?" वर्ग खिदळला. सरांनी खडू खाली ठेवला. "हसता काय? मोठमोठे शास्त्रज्ञ हेच विचारत बसलेत."

मग त्यांनी समजावलं. चंद्र-सूर्य समुद्राचं पाणी उचलतात, तशी कडक जमीनही किंचित ताणतात. खालचा खडक आधीच सरकायच्या बेतात असेल, तर तो ताण कधी निमित्त होतही असेल. ज्वालामुखींबद्दलही असाच शोध चालू आहे. "पण पुनव बघून भूकंपाचा दिवस सांगणारा माणूस लबाड समजायचा," असं त्यांनी बजावलं. ठाऊक आहे तेवढंच सांगायचं, हा सरांचा बाणा. त्या तासामुळे मी विज्ञानाची शिक्षिका झाले. सरांची शांत वृत्ती मात्र मला उचलता आली नाही; मी आपली तापट डोक्याची.

निवृत्तीनंतर सर गावोगाव फिरले, पण भाषणं द्यायला नव्हे. कुणाच्याही दारात गेले की ते आधी वर बघत. वाऱ्यानं पत्रे उडू नयेत म्हणून आपल्याकडे त्यांवर धोंडे ठेवायची रीत. "हे डोक्यावर कशाला घेऊन निजता?" म्हणत सर स्वतः शिडी चढून धोंडे उतरवीत आणि पत्रे हुकांनी आवळून घेत. लोक वैतागत, "मास्तर लई किटकिट करत्यात." करायलाच हवी होती!

पण हा लेख मी लिहिते आहे तो माझ्या आईमुळे. भूकंपात तिचा भाऊ गेला. तेव्हापासून दर पुनवेला ती अंगणात बाज टाकून निजायची. त्यात तिला दमा. मागच्या शाकंभरी पौर्णिमेला मोबाइलवर निरोप फिरला की ग्रह एका रांगेत येणार आणि धरणी दुभंगणार. थंडी कडाक्याची. गारठ्यात ठेवाल तर जिवावर बेतेल, असं डॉक्टरांनी बजावलेलं. मी ग्रहांची अंतरं सांगितली, भांडले, मोबाइल आपटला. आई ढिम्म हलेना. शेवटी संध्याकाळी सरांना बोलावलं.

सर ओट्यावर बसले. "ताई, चंद्र ओढतो हे खोटं न्हाय. पण आपली माणसं मारली ती भिंतींनी आन डोक्यावरच्या माळवदानं. गळू नये म्हणून दर साली पावसाआधी आपण वर मातीचा नवा थर चढवायचो. खालचा जुना कधी कुणी काढला न्हाय, वझं वाढतच गेलं. आमच्या माळवदावर त्या साली माती मीच टाकली. तिच्याखाली माझी सुमन गेली. दुसरीत होती. चंद्राच्या माथी मारून मोकळा झालो असतो, तर मला लई सोपं गेलं असतं, ताई."

इतकी वर्षं सरांच्या हाताखाली वावरले, पण हे मला ठाऊक नव्हतं. मला रडूच कोसळलं. आई मात्र रडली नाही. ती म्हणाली, "माझ्या भावानंबी टाकली व्हती, मास्तर. सगळ्यांनीच टाकली. पाणी लेकरांच्या अंगावर गळू नये म्हणूनच ना? तुमचा एकट्याचा गुन्हा न्हाय त्यो." आणि माझ्याकडं वळून म्हणाली, "बाज आत घे."

सरांना आम्हां सर्व विद्यार्थ्यांच्या वतीनं उदंड आणि निरोगी आयुष्य चिंतिते. सर, धोंडे अजून पुष्कळ पत्र्यांवर आहेत. आता शिडी आम्ही चढू, तुम्ही खाली उभं राहून किटकिट करा.

लेख संपवताना आईला विचारलं, "सरांसाठी तुझं काय लिहू?" ती म्हणाली, "लिही, मी आता पुनवेला घरात निजते. मास्तरांनाबी झोप लागू दे म्हणावं."